आभासी प्रयोगशाळा : साधन की पळवाट?

पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून मधाची बाटली घरी नेणाऱ्या पर्यटकाची एक तक्रार ठरलेली असते. थंडीचे दिवस आले की बाटलीच्या तळाशी दाणे दिसू लागतात, मध गोठल्यासारखा होतो आणि विक्रेत्याने साखर मिसळली असा निष्कर्ष काढून ग्राहक मोकळा होतो. वस्तुतः येथे फसवणूक नसते, निसर्गनियम असतो. मध हे मुळातच अतिसंपृक्त द्रावण आहे. त्यात पाणी साधारणतः १८ ते २० टक्के असते आणि त्या पाण्यात एरवी मावेल त्याहून अधिक शर्करा सामावलेली असते. तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की त्यातील ग्लुकोज स्फटिकरूपाने बाहेर पडू लागते, फ्रुक्टोज मात्र द्रवरूपच राहते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पूर्ववत होतो. दाणे धरले म्हणून मध भेसळीचा ठरत नाही आणि धरले नाहीत म्हणून शुद्धही ठरत नाही. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. तेथील मधपाळाला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. शहरातील सुशिक्षित ग्राहकाला ती ठाऊक नसते, कारण त्याने स्फटिकीकरणाची व्याख्या शाळेत पाठ केलेली असली तरी स्फटिक तयार होताना कधी पाहिलेला नसतो.

पाठ केलेले आणि पाहिलेले यांतील हे अंतर आज आमच्या चिंतेचा विषय आहे. ते केवळ मधाच्या बाटलीपुरते राहिलेले नाही. रासायनिक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात स्फटिकीकरण हा एक महत्त्वाचा पाठ आहे आणि पाचगणीच्या पठारावरून दोन्ही बाजूंना नजर टाकली तर त्याचे महत्त्व कोणासही पटावे. पूर्वेला पसरणीचा घाट उतरला की वाई आणि पुढे भुईंजचा किसन वीर साखर कारखाना. तेथून कृष्णाकाठाने कराड, रेठरे आणि सांगलीपर्यंत उसाचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख पसरलेला आहे. पश्चिमेला महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर गाठले की पुढे महाडची रासायनिक औद्योगिक वसाहत आणि त्याच वाटेवर लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. सह्याद्रीच्या एका अंगाला साखरेचा स्फटिक आणि दुसऱ्या अंगाला औषधांचा व रसायनांचा स्फटिक! या दोहोंवर किती संसार उभे आहेत, याचा हिशेब वेगळा मांडण्याची आवश्यकता नाही.

आता हा पाठ महाविद्यालयात शिकवला जातो कसा? बहुतेक प्रयोगशाळांमध्ये त्यासाठी एखादे उपकरण असते. पुष्कळ ठिकाणी ते स्वेन्सन-वॉकर पद्धतीचे, बाहेरून थंड पाणी खेळवलेले लांबट पात्र असते. त्याभोवती विद्यार्थ्यांचा गट उभा राहतो. एक जण झडप फिरवतो, दुसरा तापमान लिहितो आणि उरलेले वही उतरवून घेतात. द्रावण सावकाश थंड करून मोठे स्फटिक मिळवायचे तर तासन्‌तास लागतात, आणि वेळापत्रकातील तासिका तेवढा वेळ देत नाही. एकदा प्रयोग फसला की तो पुन्हा करण्याची सोय नसते.

या अडचणीवर संगणकाने उत्तर दिले, ते म्हणजे आभासी प्रयोग. पडद्यावर एक पात्र दिसते. द्रावण कोणते, आरंभीचे तापमान किती, ते कोणत्या वेगाने उतरवायचे, बीज म्हणून बारीक स्फटिक किती टाकायचे, ढवळणी किती वेगाने फिरवायची, हे सारे विद्यार्थी ठरवतो. मागे गणिती समीकरणे चालतात आणि काही क्षणांत द्रावणाची संहती कशी उतरली, स्फटिक किती व केवढे झाले, याचे आलेख समोर येतात. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते आणि ८० अंशांना सुमारे ३६० ग्रॅम. मिठाची विद्राव्यता मात्र तापमानाने फारशी बदलतच नाही. त्यामुळे साखरेचे द्रावण थंड करून स्फटिक मिळतात आणि मिठासाठी पाणीच आटवावे लागते. ही गोष्ट विद्यार्थी पडद्यावर स्वतः करून पाहतो. घाईने थंड केले तर चुरा मिळतो आणि धीराने थंड केले तर टपोरा खडा मिळतो, हेही त्याला कळते. प्रयोग फसला तर माल वाया जात नाही आणि कोणाला इजा होत नाही. एका दुपारी तो पन्नास वेळा चुकू शकतो आणि पन्नास वेळा सुधारू शकतो.

ही सोय क्षुल्लक नाही. केंद्र शासनाने २००९ साली माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले आणि त्यातून 'व्हर्च्युअल लॅब्स' हा प्रकल्प आकारास आला. देशातील नामवंत तंत्रशिक्षण संस्था त्यात सहभागी झाल्या. जेथे उपकरण नाही तेथील विद्यार्थ्यालाही प्रयोगाची ओळख व्हावी, हा त्यामागचा हेतू स्तुत्य होता. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने प्रयोगशाळांना कुलपे लागली, तेव्हा या प्रयत्नांचे मोल साऱ्यांना कळले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केला आहे. जोखमीच्या रसायनांची पहिली ओळख पडद्यावर व्हावी, हे तर आवश्यकच मानले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यातील स्फोटात अनेक कामगारांनी प्राण गमावले. रसायनाचा कोप काय असतो, हे शिकण्याची जागा कामगाराचा देह नव्हे. म्हणून आभासी प्रयोगांना सरसकट नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही.

तथापि, साधन आणि साध्य यांची गल्लत झाली की सोयीची पळवाट व्हायला वेळ लागत नाही. उपकरणाला पैसा लागतो, रसायनाला पैसा लागतो, प्रयोगशाळा साहाय्यकाला वेतन द्यावे लागते. संगणक कक्ष तर असतोच. मग खऱ्या प्रयोगाच्या जागी पडद्यावरचा प्रयोग ठेवला, वहीवर स्वाक्षरी केली आणि तपासणी समितीला 'अत्याधुनिक सुविधा' दाखवली, तर कोण विचारणार? हा मोह मोठा आहे आणि त्याचे मोल विद्यार्थी चुकवतो. विशेषतः तो विद्यार्थी, जो खेड्यातून आलेला आहे, घरात पहिल्यानेच अभियंता होऊ पाहत आहे आणि ज्याच्यापाशी पदवीखेरीज अन्य भांडवल नाही.

आभासी प्रयोगाची मर्यादा नेमकी कोठे आहे, हे समजण्यासाठी इतिहासातील दोन प्रसंग पुरेसे आहेत. पहिला आपल्याच देशातील. १८९६ साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आचार्य प्रफुल्लचंद्र रे पाऱ्यावर सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया करीत होते. त्यांना हवा होता मर्क्युरस नायट्रेट. पात्रात मात्र अनपेक्षितपणे पिवळसर स्फटिक जमलेले दिसले. त्यांनी ते दुर्लक्षून टाकून दिले नाहीत. ते तपासले आणि मर्क्युरस नायट्राइट हे संयुग जगासमोर आले. रसायनशास्त्रातील त्यांची कीर्ती तेथून पसरली. आता कल्पना करावी, की रे यांच्यासमोर पात्राऐवजी पडदा असता. त्या पडद्यामागील समीकरणांत जे कोणी लिहिलेच नव्हते, ते पिवळे स्फटिक त्यांना कसे दिसले असते?

दुसरा प्रसंग परदेशातील. अ‍ॅबट या अमेरिकी कंपनीचे रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरील औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याच द्रव्याचा एक वेगळ्या घडणीचा, अधिक स्थिर आणि कमी विरघळणारा स्फटिक कारखान्यात अकस्मात प्रकट झाला. रासायनिक सूत्र तेच, परंतु रचना निराळी. औषध नीट विरघळेना, म्हणून कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या आणि नव्या स्वरूपात औषध सिद्ध करावे लागले. तोवर तो स्फटिक कोणाच्याही गणितात नव्हता. तात्पर्य एवढेच, की पडदा आपण त्याला शिकवलेलेच परत सांगतो. निसर्ग मात्र आपल्याला ठाऊक नसलेलेही सांगतो, पण त्यासाठी त्याच्या दारात उभे राहावे लागते.

असे दार आपल्या घराजवळच आहे. साखर कारखान्यातील पॅन विभागात गाळप हंगामात एकदा उभे राहून पाहावे. शुद्ध केलेल्या रसाचा घट्ट पाक निर्वात पॅनमध्ये ६०-७० अंशांच्या आसपास उकळत असतो. तो योग्य त्या अतिसंपृक्त अवस्थेला पोहोचला की त्यात साखरेचे अतिसूक्ष्म बीज सोडले जाते. तेथून पुढे सारी कसोटी पॅनवरच्या माणसाची असते. तो नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरवतो आणि उजेडासमोर धरून दाणा पाहतो. पाक कमी घट्ट राहिला तर असलेला दाणाही विरघळतो. फाजील घट्ट झाला तर नको असलेला नवा बारीक दाणा उठतो, ज्याला कारखान्यात 'फॉल्स ग्रेन' म्हणतात. मग पाणी सोडून तो विरघळवावा लागतो. त्यात वाफ जाते, वेळ जातो. तो तसाच राहिला तर यंत्रात साखर आणि मळी नीट वेगळी होत नाही, आणि जी साखर पोत्यात यायची ती मळीबरोबर निघून जाते. शेतकऱ्याच्या उसाची रास्त व किफायतशीर किंमत साखरेच्या उताऱ्याशी जोडलेली आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकातील अतिसंपृक्ततेच्या आलेखावरची ती अरुंद पट्टी अखेरीस सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या हिशेबात उतरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पॅनमध्ये येणारा पाक शुद्ध साखरेचा नसतो. तोडणीनंतर ऊस वेळेवर आला नाही, जळीत किंवा शिळा ऊस गाळपाला आला, तर त्यात जीवाणूंमुळे डेक्स्ट्रान नावाचे द्रव्य तयार झालेले असते. ते पाक चिकट करते आणि साखरेचा दाणा लांबुळका करते. अनुभवी पॅनमन काचपट्टीवरचा दाणा पाहूनच उसाची अवस्था ओळखतो. शुद्ध साखर गृहीत धरून रचलेल्या आभासी प्रयोगात हा लांबुळका दाणा विद्यार्थ्याला आयुष्यात दिसणार नाही. आणि पदवी घेऊन तो कारखान्यात रुजू होईल त्या पहिल्याच हंगामात मात्र तो त्याच्यापुढे उभा राहील.

या विषयाला आपल्या परंपरेचाही एक संदर्भ आहे, पण तो सांगताना केवळ छाती फुगवून भागणार नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार नोंदलेले आहेत. काकवीपासून दाणेदार साखरेपर्यंतची ही चढती भाजणी आहे. सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकून घेण्यासाठी मगधात माणसे धाडली, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. युरोपीय भाषांतील साखरेच्या शब्दांचे मूळ आपल्या 'शर्करे'त आहे. म्हणजे स्फटिक घडवण्याची विद्या जगाने आपल्याकडून घेतली. मग पुढे काय झाले? साखर कारखान्याचा निर्वात पॅन एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये का जन्मला, तो आपल्याकडे का जन्मला नाही?

याचे उत्तर आचार्य रे यांनीच देऊन ठेवले आहे. 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' हा ग्रंथ त्यांनी १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला आणि पूर्वजांच्या रसायनविद्येचे वैभव जगापुढे मांडले. परंतु त्याच ग्रंथात त्या विद्येच्या ऱ्हासाचे कारणही त्यांनी परखडपणे सांगितले. जातिव्यवस्थेमुळे विचार करणारा वर्ग आणि हाताने काम करणारा वर्ग यांची फारकत झाली. करणाऱ्याला 'का' विचारण्याची मुभा उरली नाही आणि विचारणाऱ्याने हात लावणे सोडले. अभिमान आणि आत्मपरीक्षण एकाच ग्रंथात कसे नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ आहे. हिंदू समाज समरस व्हावा असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हा इशारा मनावर घेतला पाहिजे. गुऱ्हाळात उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी बोटाने दाबून पाहणारा गुळव्या आणि अतिसंपृक्ततेची समीकरणे फळ्यावर सोडवणारा प्राध्यापक, हे दोघे एकाच विद्येचे उपासक आहेत. ते एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपले दुखणे जुनेच आहे. पडद्यावरच्या प्रयोगाने विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामापासून आणखी दूर नेले, तर ती फारकत नव्या वेषात परत येईल.

मग मार्ग कोणता? पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शनात जो विवेक सांगितला तो येथे तंतोतंत लागू पडतो. जे आपले आहे ते युगाला अनुकूल करून घ्यावे आणि जे बाहेरून आले आहे ते देशाला अनुकूल करून घ्यावे. आभासी प्रयोग देशानुकूल करायचा म्हणजे काय, ते आम्ही नेमकेपणाने मांडू इच्छितो.

पहिली गोष्ट क्रमाची. आधी पडदा, मग पात्र आणि अखेरीस दोहोंची तुलना, असा प्रत्येक प्रयोगाचा क्रम असावा. विद्यार्थ्याने पडद्यावर भाकीत करावे, मग प्रत्यक्ष द्रावण थंड करून पाहावे आणि दोहोंत जो फरक पडेल त्याचे कारण शोधावे. गुण त्या फरकाच्या मीमांसेला असावेत. यासाठी लाखोंचे उपकरण लागतेच असे नाही. तुरटी, मोरचूद आणि साखर यांना किती पैसे पडतात? दोऱ्यावर खडीसाखर धरणे हा तर घरोघरी होऊ शकणारा प्रयोग आहे.

दुसरी गोष्ट कारखान्याची. वारणाकाठी, सांगली जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या वारणानगरात रासायनिक अभियांत्रिकी शिकवणारे महाविद्यालय आणि साखर कारखाना एकाच परिसरात आहेत. अशा ठिकाणी तर गाळप हंगामातील किमान १५ दिवस पॅन विभागात काढल्याखेरीज विद्यार्थ्याला या विषयात उत्तीर्ण करू नये. हंगामातील प्रत्यक्ष नोंदी महाविद्यालयांनी मिळवाव्यात आणि आपल्या पाकाचे, आपल्या उसाचे आभासी प्रयोग रचावेत. परदेशी पाठ्यपुस्तकातील आदर्श द्रावणापेक्षा भुईंजचा किंवा रेठऱ्याचा पाक आमच्या मुलांना अधिक शिकवील. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ पासून कार्यरत असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने यात पुढाकार घेतला, तर हे काम अवघड नाही.

तिसरी गोष्ट साधनांच्या स्वदेशीची. परदेशी कंपन्यांची महागडी संगणकप्रणाली विकत घेणे लहान महाविद्यालयांना परवडत नाही. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने डीडब्ल्यूसिमसारख्या मुक्त प्रणालींचा प्रसार करून त्यावर पर्याय दाखवला आहे. मुक्त प्रणाली मुळात कोठेही जन्मली असो, ती उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते, आपली करता येते. बंद पेटीतील प्रणाली वापरणारा केवळ ग्राहक होतो आणि उघडी प्रणाली समजून घेणारा कर्ता होतो. स्वदेशीचा आजचा अर्थ तोच आहे.

चौथी गोष्ट भाषेची. पाचगणीचा घाट उतरताच लागणाऱ्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला आणि विज्ञान मराठीत सांगता येते, हे खंडामागून खंड काढून सिद्ध केले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह अनेक भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाला अनुमती दिली आहे. मग आभासी प्रयोगाच्या पडद्यावरील सूचना मराठीत का नसाव्यात? विद्यार्थी आणि पॅनमन यांचा संवाद व्हायचा तर तो याच भाषेत होणार आहे.

आणि पाचवी गोष्ट माणसाच्या सन्मानाची. उद्योगातील अनुभवी व्यक्तीला औपचारिक पदवीची अट न घालता अध्यापनासाठी बोलावता येईल, हे तत्त्व विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या योजनेद्वारे मान्य केले आहे. ती मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांपुरती मर्यादित का राहावी? तीस हंगाम दाणा पाहिलेल्या पॅनमनला वर्गात खुर्ची द्या. प्राध्यापकांनी त्याला प्रश्न विचारावेत आणि विद्यार्थ्यांनी त्याची उत्तरे समीकरणांत बांधावीत. विद्येची खरी समरसता ती हीच.

औषधांच्या मूलद्रव्यांसाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत, हे साथीच्या काळात उघड झाले. २०२० साली केंद्र शासनाने त्यांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. परंतु पैशाने कारखाना उभा राहतो, स्फटिक उभा राहत नाही. स्फटिक नीट धरला की नाही, हे ओळखणारी नजर लागते आणि ती घडवायला वर्षे लागतात. आत्मनिर्भरतेच्या घोषणेतील 'आत्म' म्हणजे ही नजर असलेली माणसेच होत.

बीज असल्याखेरीज निर्दोष दाणा धरत नाही आणि घाई केली तर चुराच हाती येतो, हा स्फटिकाचा नियम शिक्षणालाही लागू आहे. नव्या शैक्षणिक वर्षाचे नियोजन करणाऱ्या प्राचार्यांनी, साखर कारखान्यांच्या संचालकांनी आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी येत्या गाळप हंगामापूर्वी एकत्र बसावे. संगणक कक्षाचे दार उघडे असू द्यावे, मात्र त्यापलीकडचे पॅन विभागाचे दार बंद राहणार नाही, एवढी दक्षता त्यांनी घ्यावी.